पहिलटकरणीचे भय

प्रथमच गरोदर राहिलेली मुलगी दिवस भरत आले असता आपल्या आईजवळ, किंवा माहेर दूर असल्यास सासूबाईंजवळ, धीर करून "मला भीती वाटते" एवढे तीन शब्द बोलते, तेव्हा तिला बहुधा जे उत्तर मिळते ते गेल्या कित्येक पिढ्यांत बदललेले नाही. "भ्यायचं काय गं त्यात? आम्ही नाही का बाळंत झालो?" या बोलण्यात माया असते, अनुभवाचा अधिकार असतो, आणि क्वचित स्वतःचे जुने भय पुन्हा आठवायला नको म्हणून केलेली घाईही असते, मुलीच्या प्रश्नाचे उत्तर तेवढे नसते. आपल्याआधी जगात कोणी बाळंत झाले आहे किंवा नाही, ही तिची शंकाच नव्हती. तिला पुसायचे होते ते स्वतःच्या देहाविषयी, आणि ज्या अपरिचित खोलीत अपरिचित माणसांच्या स्वाधीन तो देह एक दिवस करावा लागणार त्या खोलीविषयी. भयाची कैफियत ऐकून न घेताच त्याचा निकाल लावण्याची ही रीत केवळ आपल्या घरांतच आहे असे नाही. वैद्यकाच्या इतिहासातही ती आढळते, आणि तेथे तिची किंमत शेकडो स्त्रियांनी प्राण देऊन भरली.

1840 नंतरच्या दशकात व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात प्रसूतीचे दोन कक्ष होते. पहिल्यात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. दाखल करून घेण्याची पाळी दररोज आळीपाळीने बदले, त्यामुळे कोणत्या स्त्रीने कोणत्या कक्षात जावे हे तिच्या कळा कोणत्या दिवशी सुरू झाल्या यावरच ठरे. 1846 साली पहिल्या कक्षात 4,010 प्रसूती झाल्या आणि 459 बाळंतिणी दगावल्या, म्हणजे शेकडा 11 हून अधिक. दुसऱ्या कक्षात हे प्रमाण शेकडा 3 च्या आत होते. हे आकडे रुग्णालयाच्या दप्तरात बंदिस्त होते, परंतु शहरातील गोरगरीब बायकांना दप्तर न पाहताच त्यांचा मथितार्थ ठाऊक झाला होता. आज पाळी पहिल्या कक्षाची आहे असे कळताच त्या गुडघे टेकून, आम्हांला परत जाऊ द्या, अशी विनवणी करीत. कित्येक जणी वाटेतच बाळंत होऊन मग रुग्णालयात येत, आणि नवल असे की, रस्त्यात बाळंत झालेल्या या बायकांना तो जीवघेणा सूतिकाज्वर क्वचितच होई.

यावर त्या काळच्या विद्वानांनी बसवलेल्या उपपत्तींत एक अशी होती की, बायका भितात म्हणून मरतात. मरणोन्मुख स्त्रीला अंतिम संस्कार देण्याकरिता येणारा धर्मगुरू पहिल्या कक्षातून जाई, त्याच्यापुढे घंटा वाजवीत सेवक चाले, आणि त्या घंटेच्या नादाने धास्तावलेल्या बाळंतिणी ज्वराला बळी पडतात, असे सांगितले जाई. तेथे साहाय्यक म्हणून रुजू झालेल्या इग्नाझ सेमेलवाइस याने हे मतही कसोटीला लावून पाहिले. धर्मगुरूला दुसऱ्या वाटेने, घंटेवाचून येण्याची विनंती केली. मृत्यूंच्या संख्येत काडीचाही फरक पडला नाही. पुढे 1847 मध्ये त्याला खरे कारण उमगले. शवविच्छेदन करून त्याच हातांनी बाळंतिणींना तपासणारे विद्यार्थी आणि अध्यापक हेच मृत्यूचे वाहक होते. क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याचा दंडक घालताच 1848 साली पहिल्या कक्षातील मृत्यूचे प्रमाण शेकडा सव्वावर उतरले. ज्या भयाला आरोपी म्हणून उभे करण्यात आले होते ते वस्तुतः साक्षीदार होते, आणि त्याची साक्ष अक्षरशः खरी होती.

आपल्याकडेही या साक्षीचा पुरावा दूर शोधावा लागत नाही. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या आणि त्यांचे मूल अवघे दहा दिवस जगले. त्या दुःखातून त्या अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेल्या, 1886 मध्ये वैद्यकाची पदवी मिळविली, आणि तिच्यासाठी लिहिलेल्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच निवडला. त्याच साली मुंबईत कामा रुग्णालय स्त्रियांसाठी उघडले. तोपर्यंत, आणि त्यानंतरही बराच काळ, बाळंतपण हा बाईचा पुनर्जन्म असतो हे वचन घराघरांत अलंकार म्हणून नव्हे, तर हिशेब म्हणून बोलले जाई. ज्या घरात एखादी चुलती, एखादी मावशी बाळंतपणात गेलेली नाही असे घर विरळा असताना, पहिलटकरणीने भिऊ नये असे म्हणणे हे तिला डोळे मिटून घे असे सांगण्यासारखेच होते.

आजचा हिशेब निराळा आहे, आणि तो सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. दर एक लाख जिवंत जन्मांमागे किती माता दगावतात हे सरकारी नमुना नोंदणीवरून काढतात; महाराष्ट्रात 2004 ते 2006 या कालखंडात ही संख्या 130 होती, 2018 ते 2020 मध्ये ती 33 वर आली. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातील शेकडा सुमारे 95 प्रसूती रुग्णालयांत झाल्याचे आढळले. वार पडल्यानंतर होणारा रक्तस्राव आवरण्यासाठी बाळ बाहेर येताच ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देण्यात येते. गरोदरपणी रक्तदाब चढून येणाऱ्या झटक्यांवर मॅग्नेशियम सल्फेट आहे. रक्तपेढी आहे, प्रतिजैविके आहेत. 33 ही संख्या शून्य नव्हे, आणि ज्या घरात ती घटना घडते तेथे टक्केवारीचे सांत्वन लागू पडत नाही, हे खरे. तरी आजी ज्या मृत्यूला भीत होती, तो मृत्यू नातीच्या उशापासून पुष्कळच दूर सरकला आहे, एवढे निःशंकपणे म्हणता येईल.

मग भय का ओसरले नाही? ते मृत्यूपासून निघून वेदनेवर, आणि वेदनेवरून एकटेपणावर व अब्रूवर जाऊन बसले, असे माझे मत आहे. यांतील वेदनेचा विचार ज्याने विसाव्या शतकात सर्वांत हट्टाने केला, तो इंग्रज प्रसूतितज्ज्ञ ग्रँटली डिक-रीड. तरुणपणी लंडनच्या व्हाइटचॅपल या दरिद्री वस्तीत एका बाईच्या बाळंतपणाला तो गेला असता तिने क्लोरोफॉर्म घेण्याचे नाकारले. नंतर कारण विचारता, दुखलेच नाही, आणि दुखावे असा काही नियम थोडाच आहे, अशा अर्थाचे तिने जे भाबडे उत्तर दिले, त्याने हा गृहस्थ जन्मभर पछाडला. 1933 मध्ये त्याने आपला सिद्धांत ग्रंथरूपाने मांडला: भयाने शरीर ताठरते, ताठरल्याने वेदना वाढते, वाढलेली वेदना भयाला दुजोरा देते, आणि हे चक्र फिरतच राहते. गर्भाशयाच्या मुखाशी असलेले स्नायू भयाने आवळले जातात, हे त्याने दिलेले शारीरिक स्पष्टीकरण आज जसेच्या तसे टिकत नाही, कारण त्या मुखात स्नायू थोडे आणि संयोजी ऊतक पुष्कळ असते. परंतु चक्राची कल्पना निराधार नव्हती. भेदरलेल्या शरीरात ॲड्रेनलिन वाढते, आणि ॲड्रेनलिन गर्भाशयाच्या आकुंचनांना ढिले पाडते. संकट समोर उभे असता बाळंतपण पुढे ढकलावे, ही प्राणिमात्राची जुनी तजवीज आहे. नॉर्वेतील एका रुग्णालयात 2,206 स्त्रियांची पाहणी झाली, तीत अतिशय भ्यालेल्या स्त्रियांचे बाळंतपण इतरांहून सरासरी दीड तास लांबले, आणि अन्य कारणे वजा केल्यावरही पाऊण तासाचा फरक उरला. मात्र, आणि हे भित्र्या मुलीला मुद्दाम सांगावे असे आहे, त्या भ्यालेल्या स्त्रियांपैकीही बहुसंख्य स्वाभाविकपणेच प्रसूत झाल्या. भिण्याचा दंड तास-दीड तासाचा असेल. बहुतेकींना त्याहून मोठी शिक्षा होत नाही.

डिक-रीडचे एक मत मात्र मी मुळीच मान्य करणार नाही, कारण ते आपल्याकडेही निराळ्या वेषात वावरते. सुधारलेल्या समाजातील बायकाच वेदनेला भितात, रानावनातल्या बायका सहज बाळंत होतात, असे तो मानी. आपल्याकडे याच मताची गोष्ट अशी सांगतात की, अमुक गावची अमुक बाई बांधावर बाळंत झाली, मूल पदरात गुंडाळले आणि पुन्हा खुरपायला बसली. अशी बाई नसेलच असे नाही. परंतु जी बांधावर अडली आणि तेथेच राहिली, तिची गोष्ट सांगायला कोणी उरत नाही, आणि राज्याच्या आदिवासी भागांत प्राथमिक आरोग्य केंद्रांलगत दिवस भरलेल्या स्त्रियांना आधीच येऊन राहता यावे म्हणून 'माहेरघर' उभारावे लागले, ते काही हौसेखातर नव्हे.

भयावरचा पहिला इलाज म्हणजे त्याचा तपशील मागणे. स्वीडनमधील मानसशास्त्रज्ञ क्लास वाइमा आणि त्यांचे सहकारी यांनी 1998 मध्ये याकरिता 33 प्रश्नांची एक प्रश्नावली सिद्ध केली. बाळंतपणात तुम्हांला एकटे वाटेल काय, स्वतःवरचा ताबा सुटेल काय, बाळाला काही होईल असे मनात येते काय, अशा धर्तीचे ते प्रश्न आहेत. प्रश्नावली हाती नसली तरी बिघडत नाही. एखाद्या दुपारी वहीचे पान घेऊन "मला कशाची भीती वाटते" याची टाचणे करावीत, आणि ती करताना लाज बाजूला ठेवावी, कारण बाळंतपणाच्या भयातील अर्धा ऐवज लाजेच्या कुलपात असतो. जोर करताना शौचास झाले तर काय, हा प्रश्न असंख्य मुलींच्या मनात असतो आणि एकीच्याही तोंडून निघत नाही. प्रत्यक्षात तसे पुष्कळदा होते, सिस्टर किंवा मावशी एका हाताने पुसून टाकतात आणि दुसऱ्या क्षणी विसरतात, कारण बाळाचे डोके खाली येत असल्याचीच ती खूण असते. मी ओरडले तर लोक काय म्हणतील, हा दुसरा. टाके किती पडतील, हा तिसरा. त्यावर डॉक्टरांना आधीच विचारता येते, आणि सरसकट प्रत्येकीला छेद देण्याची जुनी पद्धत आता अशास्त्रीय मानली जाते हेही जाणून असावे. शेवटच्या महिन्यात योनिद्वाराजवळील भागाला तेलाने हलके मर्दन केल्यास पहिलटकरणीला छेदाची गरज कमी पडते, असेही आढळले आहे. टाचणांत मांडलेले भय संख्येने मोठे दिसले तरी आकाराने लहान होते, आणि मुख्य म्हणजे त्यातील प्रत्येकाला उत्तर देणारे माणूस कोण, हे ठरविता येते.

अज्ञानातून आलेल्या भयाला ज्ञान पुरते, म्हणून येथे प्रत्यक्ष घडते काय ते सांगतो. गर्भाशय हा देहातील एक अत्यंत बलवान स्नायू आहे. कळ येते तेव्हा त्याचे वरचे तंतू आखडतात आणि खालचे मुख थोडे थोडे वर ओढून घेतात. बंद गळ्याचा सदरा डोक्यावरून चढविताना गळा जसा ताणत ताणत मागे सरतो, तसे ते मुख बाळाच्या डोक्यावरून सरत जाते आणि अखेर सुमारे 10 सेंटिमीटर रुंद होते. बाळाच्या कवटीची हाडे अजून सांधलेली नसतात, ती एकमेकांवर किंचित चढतात, आणि म्हणूनच नवजात बाळाचे डोके कधी कधी लांबुळके दिसते व टाळू मऊ लागते. एवढा मोठा जीव एवढ्याशा वाटेने कसा येईल, या प्रश्नाला निसर्गाने दोन्ही बाजूंनी उत्तर योजले आहे: वाट रुंदावते, आणि येणारा जीवही आटोपशीर होतो.

कळ ही अखंड वेदना नव्हे, ही गोष्ट पहिलटकरणीला बहुधा कोणी सांगत नाही. ती चढते, शिखराला पोचते, उतरते, आणि मग पूर्ण थांबते. दर पाच मिनिटांनी येणारी, एक मिनिट टिकणारी कळ धरली, तर तासाभरात बारा मिनिटे वेदनेची आणि अठ्ठेचाळीस विसाव्याची होतात. पुढे अंतर दोन-तीन मिनिटांवर येते आणि विसावा आखडतो, हे लपवू नये. मुख पुरते उघडण्याच्या सुमाराचा काळ सर्वांत खडतर असतो, आणि पुष्कळ बायका नेमक्या त्याच वेळी, आता माझ्याच्याने होणार नाही, मला घरी न्या, असे म्हणू लागतात. अनुभवी सुईण हे वाक्य ऐकून मनात हसे, कारण त्याचा अर्थ तिला ठाऊक असे: आता फार वेळ नाही. मधल्या विसाव्यात पुढच्या कळेची धास्ती घेऊन बसणारी बाई अठ्ठेचाळीस मिनिटेही वेदनेच्या खाती जमा करते. हे खाते तोडण्यासाठीच श्वासाचा अभ्यास असतो. लांब, सावकाश उच्छ्वास टाकणे, जबडा व खांदे सैल सोडणे, एवढेच त्याचे सार. पाचव्या-सहाव्या महिन्यापासून रोज झोपताना केले तर ऐन वेळी आठवावे लागत नाही. पाठीवर निजून राहण्याऐवजी उभे राहणे, चालणे, पलंगाचा कठडा धरून वाकणे यांमुळे पहिली अवस्था साधारण तासाभराने आखूड होते असे प्रयोगांत दिसले आहे, तेव्हा हिंडू देतात किंवा नाही, हे रुग्णालयाला आधीच विचारून ठेवावे.

वेळेविषयीच्या खोट्या अपेक्षाही भय वाढवितात. डॉक्टरांनी दिलेली तारीख ही 280 दिवसांच्या हिशेबाने काढलेली असते, आणि नेमक्या त्याच तारखेला फार थोडी मुले जन्मतात. 37 आठवडे पुरे झाल्यापासून 42 पर्यंतची मुदत स्वाभाविक समजावी. तारीख उलटली म्हणून शेजारणी काय बोलतात तिकडे कानाडोळा करावा, डॉक्टर काय सांगतात त्याकडे मात्र नव्हे. पहिल्या खेपेस आरंभीचा टप्पा कित्येक तास, क्वचित दिवसभरही रेंगाळतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये स्पष्ट केले की, मुख 5 सेंटिमीटर उघडेपर्यंत बाळंतपण खऱ्या वेगाने सुरू झाले असे धरू नये, आणि दर तासाला एक सेंटिमीटर हा जुना हुकमी नियम प्रत्येकीला लावू नये. "अजून तीनच आहे" हे शब्द ऐकून मुली रडकुंडीला येतात. वस्तुतः त्यात रडण्याजोगे काही नसते.

आता गोष्टींविषयी. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते. हिरवी साडी, फुलांचे दागिने, झोपाळा, वाटीखाली पेढा की बर्फी ते ओळखणे, सारे यथासांग पार पडते, आणि पाने उठल्यावर बायका पाय पसरून बसल्या की कोणीतरी आरंभ करते. जाऊबाई तीस तास अडल्या होत्या, कोणाच्या मुलाच्या गळ्याभोवती नाळेचे वेढे होते, कोणाला ऐन वेळी पोट फाडावे लागले. सांगणारीचा हेतू वाईट नसतो. तिच्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या पराक्रमाची दखल कोणी कधी घेतली नाही, तेव्हा श्रोते मिळताच ती सांगते, आणि पराक्रमाच्या कथेला अरिष्ट लागतेच. सुखरूप, विनातक्रार झालेल्या बाळंतपणाची गोष्ट दोन वाक्यांत संपते, म्हणून ती कोणी सांगत नाही. मुलीने अशा वेळी खुशाल उठून आत जावे. शिष्टाचाराचा भंग झाला तर मोठ्या बायका एक वेळ समजून घेतील.

परंतु जुन्या व्यवस्थेत एक गोष्ट अशी होती, की तिच्यापुढे आधुनिक रुग्णालय बराच काळ उणे ठरले. पहिले बाळंतपण माहेरी व्हावे, या रिवाजात खर्चाचा आणि मानपानाचा भाग असेल; पण त्याचे मर्म हे होते की, मुलगी जिला लहानपणापासून ओळखते अशी एक बाई पाठीशी बसून पाठ चोळीत राही आणि उठून जात नसे. सुईण अडाणी असेल, तिच्या विळ्याने धनुर्वात झाला असेल, त्याचे समर्थन कोणी करू नये. मात्र रुग्णालयाने विळा काढून घेतला तेव्हा पाठ चोळणारा हातही दाराबाहेर ठेवला. आई बाहेरच्या बाकावर, नवरा जिन्यात, आणि मुलगी आत तीन टेबलांपैकी मधल्या टेबलावर, छताकडे पाहत, स्टीलच्या ट्रेमधील हत्यारांचा खणखणाट ऐकत. तिला त्या वेळी वाटते ते भय वेदनेचे नसते.

या एकटेपणाची किंमत मोजून पाहता येते हे 1980 मध्ये ग्वाटेमालातील एका रुग्णालयात झालेल्या प्रयोगाने दाखविले. काही पहिलटकरणींजवळ एक पूर्वी न पाहिलेली, वैद्यकाचे कोणतेही शिक्षण नसलेली बाई अखेरपर्यंत बसवली. तिने बोलायचे, हात धरायचा, पाठ चोळायची, बस्स. सोबत असलेल्या स्त्रिया सरासरी 8.8 तासांत मोकळ्या झाल्या, नसलेल्यांना 19.3 तास लागले. प्रयोग लहान होता, आणि एवढा मोठा फरक पुढे सर्वत्र दिसला नाही. पण 2017 मध्ये 26 प्रयोगांतील पंधरा हजारांहून अधिक स्त्रियांचा एकत्र विचार करण्यात आला तेव्हाही अखंड सोबत लाभलेल्यांची बाळंतपणे काहीशी लवकर आटोपली, शस्त्रक्रिया कमी झाल्या, आणि अनुभवाची कडवट आठवण कमी जणींच्या मनात राहिली, असेच निष्पन्न झाले. आपल्या केंद्र शासनाने 2016 मध्ये सार्वजनिक रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी एक सोबतीण ठेवण्यास मुभा दिली आणि पुढच्या वर्षी 'लक्ष्य' या उपक्रमाने प्रसूतिकक्षाच्या दर्जाबरोबर स्त्रीला मिळणाऱ्या वागणुकीचाही विचार आरंभिला. कागदावरील मुभा आणि दारावरील मावशीचा हुकूम यांत अजून अंतर आहे. म्हणून आठव्या महिन्यातच प्रश्न करावा: आत कोणाला येऊ देता? एकालाच देत असाल तर नवऱ्याला की आईला? आणि निवड मुलीने करावी, घरातील मानाप्रमाणे नव्हे; जिचा स्वर ऐकून छातीतील धडधड कमी होते ती जाऊ असली तर जाऊबाईंनी जावे. आत बसणारीला एक गोष्ट निक्षून सांगून ठेवावी, की तिने आपल्या बाळंतपणाची हकिकत तेथे सांगावयाची नाही.

प्रसूतिकक्षात खेकसणे, टोमणे मारणे, क्वचित मांडीवर चापट मारणे, हे प्रकार घडतात, आणि मुलींच्या भयाचा एक मोठा हिस्सा त्यांच्या ऐकीव वार्तांनी व्यापलेला असतो. हे भय पुन्हा साक्षीदाराच्या जातीचे आहे. ते श्वासाच्या अभ्यासाने जाणार नाही, वागणूक सुधारल्यानेच जाईल. तोवर मुलीच्या हाती एवढेच आहे की, शक्य तेथे आधी एकदा जाऊन ती खोली पाहून यावी, तेथील सिस्टरांशी चार शब्द बोलावेत, आणि सोबतिणीने आत अबोल राहू नये.

वेदनाशमनाचा प्रश्न आपल्याकडे उगाच अब्रूचा करून ठेवला आहे. 1847 मध्ये एडिंबरोच्या जेम्स सिम्प्सन याने प्रसूतीत क्लोरोफॉर्म वापरला तेव्हा त्यावर धर्माच्या नावानेही आक्षेप आले. 1853 मध्ये व्हिक्टोरिया राणीने राजपुत्र लिओपोल्डच्या जन्माच्या वेळी तो हुंगला, आणि पुष्कळ आक्षेपकांची वाचा बसली. आज पाठीच्या कण्याजवळ सूक्ष्म नळीने औषध देण्याची एपिड्युरल पद्धत मोठ्या शहरांत उपलब्ध आहे. तालुक्याच्या गावी बहुधा नाही, कारण त्यासाठी भूलतज्ज्ञ चोवीस तास हजर लागतो. ती घेणारी दुबळी आणि न घेणारी वीरांगना, ही विभागणी मूर्खपणाची आहे. याच्या उलट दिशेची चूकही तितकीच बोकाळली आहे: कळाच नकोत म्हणून आधीच शस्त्रक्रियेची तारीख मागणे. वर उल्लेखिलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील दर चार प्रसूतींमागे एक सिझेरियनने झालेली आढळली, आणि देशभरातील खासगी रुग्णालयांत तर हे प्रमाण शेकडा 47 च्या घरात होते. त्यांतील किती शस्त्रक्रिया मुलीच्या भयापायी, किती घरच्यांच्या मुहूर्तापायी आणि किती डॉक्टरांच्या सोयीपायी, हे आकडा सांगत नाही. सिझेरियन प्राण वाचविते तेव्हा तिच्यासारखे वरदान नाही. परंतु ती मोठी शस्त्रक्रिया आहे, तिची वेदना पुढे कित्येक दिवस पुरते, आणि पुढच्या गरोदरपणावर तिची छाया राहते, हे भयाच्या भरात तारीख मागणारीला कोणीतरी शांतपणे सांगितले पाहिजे.

काही स्त्रियांचे भय मात्र या सर्वांच्या पलीकडचे असते. फ्रेंच वैद्य लुई-व्हिक्टर मार्से याने 1858 मध्येच पहिलटकरणींच्या अशा पराकोटीच्या भयाची नोंद केली होती. 2000 साली त्याला 'टोकोफोबिया' हे नाव मिळाले. झोप उडते, स्वप्ने पडून दचकून जाग येते, तपासणीला स्पर्शही सोसवत नाही, मूल हवे असूनही गर्भ राहू नये म्हणून धडपड होते. पूर्वी कधी देहावर झालेल्या अत्याचाराची आठवणही याच्या मुळाशी असू शकते, आणि ती सासरी-माहेरी कोठेच बोललेली नसते. स्वीडन व फिनलंड या देशांत अशांसाठी स्वतंत्र सल्लाकेंद्रे आहेत. आपल्याकडे प्रसूतितज्ज्ञाजवळ, तेथे जीभ रेटत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञाजवळ, किंवा निदान 14416 या शासनाच्या मोफत 'टेलि-मानस' दूरध्वनीवर ही गोष्ट बोलावी. बोलण्याच्या उपचारांनी असे भय पुष्कळ कमी होते. "सगळ्याच जणी भितात" असे म्हणून तिला परत पाठविणारा सल्लागार बदलावा.

आणि शेवटी ते भय, जे कधीही समजूत घालून शमवू नये. अंगावर लाल रक्त जाणे, डोके ठणकून डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे येणे, चेहरा व हात एकाएकी सुजणे, पाणी जाऊन ते हिरवट दिसणे, ताप चढणे, किंवा पोटातील बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी भासणे, यांपैकी काहीही झाले असता ती बाई घाबरली तर ती योग्य कारणाने घाबरली आहे. अशा वेळी सकाळची वाट पाहू नये, थोरांची संमती घेत बसू नये. 108 किंवा 102 वर दूरध्वनी करावा, रक्तगटाचा दाखला आणि तपासणीची फाईल उशाशीच ठेवलेली असावी, आणि रात्री दोन वाजता तिला घेऊन निघणारा माणूस कोण, हे आधीच नेमलेले असावे. तपासून डॉक्टरांनी "काही नाही, घरी जा" असे सांगितले, तर ती फेरी फुकट गेली असे कोणी म्हणू नये, आणि तीच शंका दुसऱ्या रात्री पुन्हा आली तर पुन्हा जावे.